हिमोग्लोबिन चढेना तिथपासून हिंगाच्या डबीपर्यंत : माझं सिलिअ‍ॅक

माझं हिमोग्लोबिन पाच वर्षं सात-आठच्या वर टिकलंच नाही. मुलीच्या बाळंतपणानंतर जे खाली गेलं ते गेलंच. लोहाच्या गोळ्या झाल्या, लोखंडी कढईत भाज्या झाल्या, अळिवाचे लाडू, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, आईने बार्शीहून पाठवलेला मनुका सगळं झालं. दोनदा सलाईनमधून आयर्न घेतलं, की मग अकरापर्यंत जायचं आणि सहा महिन्यांत परत आठ. पाळी जास्त जात असेल म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, सोनोग्राफी नॉर्मल आली, पाळीही काही फार जात नव्हती पण कारण तेच लिहिलं गेलं.

बाकी तक्रारी मी कधी एकत्र मांडल्याच नव्हत्या. महिन्यातून दोनदा तोंड यायचं, इतकं की आमटीसुद्धा झोंबायची. संध्याकाळी पोट असं फुगायचं की सलवारची नाडी सैल केल्याशिवाय बसता यायचं नाही. केस मूठमूठ जायचे, वजन ४१ किलो, पायात गोळे. आणि थकवा. तो थकवा कसा सांगू, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात चढताना मधल्या पायरीवर मोबाईल बघतेय असं दाखवून थांबायचे. जुलाब मात्र फारसे नव्हते आणि म्हणूनच कुणाच्या डोक्यात आतडं आलं नाही. अ‍ॅसिडिटी, टेन्शन, वेळेवर जेवत नाही, नोकरी-घर झेपत नाही, असं काय काय ऐकलं. एका ठिकाणी तर फाइल न उघडताच "बायकांना असतंच" असं ऐकवलं गेलं, ते अजून टोचतं.

शेवटी घराजवळच्या एका तरुण डॉक्टर मॅडमनी सगळे जुने रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाल्या, "गोळी पोटात जातेय पण रक्तात पोचत नाहीये, म्हणजे मध्येच कुठेतरी अडतंय. ते बघू." लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, आणि सिलिअ‍ॅक नावाच्या, गव्हामुळे होणाऱ्या आतड्याच्या आजारात नेमका तोच भाग आधी खराब होतो, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदा मला कुणी कारण सांगत होतं, नुसती गोळी देत नव्हतं. रक्ताची टेस्ट लिहून दिली, टीटीजी आयजीए, म्हणजे या आजारात रक्तात वाढणारी अँटिबॉडी मोजायची, आणि सोबत टोटल आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या सगळ्या अँटिबॉडी मिळून किती ते. दुसरी कशाला तर काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, मग पहिली टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. माझं टोटल नॉर्मल आलं आणि टीटीजी २०० च्या वर, त्या लॅबची नॉर्मलची मर्यादा २० होती.

आता इथे मी एक चूक केली आणि ती नीट सांगते कारण बरेच जण हेच करतात. रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी नेटवर वाचून मी गहू बंद केला. पोटाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी होती, तेवढ्यात पोट हलकं वाटायला लागलं, तोंड आलं नाही, मी खूश. डॉक्टरांनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, गहू बंद केला की आतडं भरून यायला लागतं, रक्तातले आकडेही उतरायला लागतात, मग दुर्बिणीतून तुकडा घेतला तरी आजार आहे की नाही हे पक्कं सांगता येत नाही, आणि हा जन्माचा आजार आहे, अर्धवट निदानावर जन्मभर पथ्य कसं करणार? म्हणून परत रोज दोन पोळ्या, तीन आठवडे. ते तीन आठवडे फार वाईट गेले. आधी जे सवयीचं होतं तेच आता कळत होतं ना, की हे पोळीने होतंय. डबा उघडायचा, पोळीकडे बघायचं आणि औषध समजून खायची.

दुर्बिणीची भीती होती त्यापेक्षा ती सोपी गेली. घशात कडू फवारा मारतात, जीभ जाड होते, डाव्या कुशीवर झोपवतात, दातात प्लॅस्टिकची रिंग, हाताला इंजेक्शन, आणि मग मला आठवतं ते एकदम नवऱ्याचा आवाज, "झालं, उठ." सहा तुकडे घेतले होते. आठवड्याने रिपोर्ट आला, मार्श ३ बी. मार्श म्हणजे आतडं किती खराब झालंय ते सांगणारी पायरी.

डॉक्टरांनी ते ज्या पद्धतीने समजावलं ते मी अजून सगळ्यांना तसंच सांगते. म्हणाले, लहान आतडं आतून टर्किश टॉवेलसारखं असतं, बारीक बारीक लोंबत्या धाग्यांचं, म्हणून ते अन्नातलं सगळं टिपून घेतं. तुमच्या टॉवेलचा पंचा झालाय. गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं, ते पोटात गेलं की तुमच्या शरीरातली संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करते. ही अ‍ॅलर्जी नाही, गोळी खाऊन दाबता येत नाही, औषध एकच, ग्लूटेन शून्य, आयुष्यभर. आणि चांगली बातमी ही की टॉवेल परत येतो.

रात्री झोप लागली नाही म्हणून वाचत बसले. विलेम डिक नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना मुलांच्या या आजारात गव्हाचा संशय आधीपासूनच होता. मग दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेना, आणि अशा दिवसांत ही आजारी मुलं सुधारली, नंतर पाव आला तशी परत आजारी पडली. १९५० साली त्यांनी प्रबंधात हे मांडलं. बाहेर माणसं भुकेने मरतायत आणि वॉर्डातली काही मुलं त्याच दुष्काळात बरी होतायत, हे वाचून मला रडू आलं. आपल्याला फक्त पोळी सोडायचीय, बाकी घरात सगळं आहे, हे त्या रात्री डोक्यात शिरलं.

हॉस्पिटलने आहाराचा कागद दिला होता त्यात किन्वा, बदामाचं पीठ, ग्लूटेन फ्री ब्रेड, ग्लूटेन फ्री पास्ता. एका ब्रेडची किंमत बघून मी तो परत ठेवला. मग आईला फोन केला. आई म्हणाली, "अगं, पोळी आपल्याकडं रोज कधी होती? माझ्या लहानपणी पोळी सणाला आणि पाहुण्याला. तू जोंधळ्यावरच वाढलीस की." खरंच होतं ते. बार्शीला आजीच्या घरी दोन्ही वेळेला भाकरी. पुण्याला शिकायला आले, मेसची पोळी लागली, मग लग्न, डबा, आणि भाकरी रविवारच्या पिठल्याबरोबर उरली. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, एवढं सगळं मला चालतं. आणि त्यातलं अर्धं तर उपासाचं.

उपासावरूनच घरातली सगळ्यात मोठी गोष्ट सुटली. सासूबाईंना मी पंधरा दिवस समजावत होते. ग्लूटेन, अँटिबॉडी, क्रॉस कंटॅमिनेशन. त्या मनापासून ऐकायच्या आणि मग पोळ्या लाटलेल्या पोळपाटावरच माझी भाकरी थापायच्या, कारण पोळपाट पुसला होता ना. मी चिडायचे, त्या हिरमुसायच्या. एका एकादशीला त्या साबुदाणा भिजवत होत्या आणि मुलीने पोळीच्या डब्यातला चमचा दाण्याच्या कुटात घातला. त्यांनी ते कूट बाजूला काढून दुसरं केलं. मी म्हटलं, "आई, हेच. मला बारा महिने हेच आहे." त्या थांबल्या. "म्हणजे पोळीचा कण पडला तरी मोडलं?" "हो." "तळणीचं तेलही वेगळं?" "हो." "झारा?" "हो." "मग हे आधी सांगायचं की गं," म्हणाल्या आणि दुपारपर्यंत वरच्या फळीवर माझा तवा, माझी परात, माझी चाळणी, लाकडी उलथणं, लाल झाकणांचे डबे, सगळं लागलं. लाकडी पोळपाट-लाटणं नवीन आणलं कारण लाकडाच्या भेगांत पीठ बसतं. ओट्यावर आधी माझा स्वयंपाक, मग पोळ्या, कारण लाटताना पिठी उडते आणि उघड्या भाजीवर बसते. हा शेवटचा नियम माझ्या डोक्यात आलाच नव्हता, तो त्यांनी केला.

सहा महिन्यांनी टीटीजी केली. वाटलं होतं नॉर्मल येईल. ९४ आली. हिमोग्लोबिन साडेनऊ. म्हणजे चढत होतं पण डॉक्टर म्हणाले, कुठून तरी जातंय, शोधा. मी त्यांच्यासमोर शपथेवर सांगत होते की मी एक घास गहू खाल्लेला नाही. खाल्ला नव्हताच. पण जात होता.

त्या रविवारी आम्ही तिघांनी फडताळातली एकेक गोष्ट खाली काढली आणि मी भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचायला बसले, मुलगी वहीत लिहीत होती. मेतकूट, त्यात गहू. थालिपिठाची भाजणी, घरचीच, त्यात सासूबाई दरवर्षी वाटीभर गहू भाजून घालतात. मुलीची दुधात घालायची पावडर मीही थकवा आला की घ्यायचे, त्यात माल्ट म्हणजे जव. सोया सॉसमध्ये गहू. कुरडया तर गव्हाच्या चिकाच्या, ते मी साफ विसरले होते आणि वरणभाताबरोबर तळून खात होते. आणि सगळ्यात शेवटी ती पिवळी हिंगाची डबी, बोटाच्या पेराएवढी. शुद्ध हिंग फार उग्र असतं म्हणून त्यात पीठ आणि डिंक मिसळतात, आणि आपल्याकडे ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचंच. डबीच्या तळाला लिहिलं होतं. रोज वरणात, रोज भाजीत, दोन्ही वेळेला, सहा महिने. मी डबी हातात घेऊन जमिनीवरच बसून राहिले. आता तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं ते आणतो, लेबल दरवेळी वाचून, कारण तीच कंपनी दोन्ही प्रकार करते असंही असतं.

तरी एक राहिलं होतं, गिरण. कॉलनीतल्या गिरणीत ज्वारी दळून आणायचे. गिरणीवाले काका चांगले, त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनीच सांगितलं, "ताई, ज्वारीवर ज्वारी टाकली तरी मागचं थोडं येतंच. दगडात बसतं ते." त्यांनी जात्याचं झाकण उघडून दाखवलं, दोन दगडांमध्ये, कडेला, कापडी नळीच्या आत, सगळीकडे पांढरा थर. वर पंख्यावर, खिडकीच्या जाळीवर, काकांच्या भुवयांवर. त्या हवेत श्वास घेताना वाटलं की हे पीठ धुऊन निघणारच नाही. त्यांनी पहाटे पहिलं दळण माझं घ्यायची तयारी दाखवली, पण ते झाडून कितीही साफ केलं तरी पुरत नाही. आपल्याकडे ग्लूटेन फ्री लिहायचं तर नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन लागतं, म्हणजे अक्षरशः चिमटीतली चिमटी. आम्ही हप्त्यावर घरघंटी घेतली. तिच्यात गहू आजपर्यंत गेलेला नाही. सासूबाईंनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मुलीने खडूने लिहिलं, 'गहू नाही'. ज्वारीसुद्धा आता अख्खी आणतो, मालदांडी, निवडून, धुऊन, वाळवून, कारण दुकानात शेजारी गव्हाचं पोतं असतं आणि माप एकच.

भाकरी परत शिकावी लागली हेही सांगते. कणकेला जो चिवटपणा असतो, ताणली की ताणते, ते ग्लूटेनच. ज्वारीला तो नाही, म्हणून ती लाटत नाहीत, थापतात, आणि म्हणूनच पीठ ताजं लागतं, आठ-दहा दिवसांत विरी, म्हणजे पिठाचा जो थोडा चिकटपणा असतो तो, जाते आणि मग कितीही मळा, भाकरी कडेने चिरते. माझ्या पहिल्या महिन्याच्या भाकऱ्या तव्यावर टाकतानाच तुटायच्या. आईने फोनवर सांगितलं, आधणाचं पाणी घे, थोडी उकड काढ, आणि तळहाताच्या टाचेने रगड, बोटांनी नको. पाणी लावलेली बाजू वर, ते पाणी सुकायच्या आत उलटायची, मग थेट जाळावर. पहिली टम्म फुगली त्या दिवशी मी नवऱ्याला ऑफिसात फोटो पाठवला.

सगळ्यात त्रास लोकांच्या आग्रहाचा होतो. आणि आग्रह करणारा प्रत्येक माणूस प्रेमानेच करतो. मागच्या वर्षी गावाकडे मावशीकडे गेलो. तिने आधीच फोनवर विचारून ठेवलं होतं, माझ्यासाठी मुद्दाम ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, हिंग न घातलेलं वरण. भाकरी इतकी मऊ, पांढरी, मी दोन खाल्ल्या आणि म्हटलं मावशी तुझ्यासारखी मला जमत नाही. तर ती म्हणाली, "अगं मूठभर कणीक टाकते मी त्यात, तुटत नाही मग." तिला त्याचा अर्थ कळलाच नव्हता. मी काही बोलले नाही. दीड-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या, रात्रभर, मग तीन दिवस पोट आणि डोक्यात धुकं, एक वाक्य नीट जुळत नव्हतं. मावशी उशाशी बसून रडत होती, देवाला नारळ बोलली. तिला मी काय म्हणणार? आता कुणाकडे गेले तरी माझी भाकरी माझ्या डब्यात नेते, आणि भात-दूध, दही, फळं, उकडलेलं अंडं एवढंच त्यांच्याकडचं घेते. काहींना अपमान वाटतो. वाटू दे असं मला म्हणता येत नाही, मला वाईट वाटतंच, पण खात नाही.

प्रसादाचंही तसंच. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, तळहातावर ठेवलेला, साजूक तुपाचा वास. "एवढुशाने काय होतंय, देवाचा आहे." पहिल्या वर्षी मी दोनदा खाल्ला, नाही म्हणवलं नाही. हळदीकुंकवाला एका काकूंनी फारच धरलं तेव्हा सासूबाई मध्ये आल्या, म्हणाल्या, "तिला नका देऊ, तिचा उपास आहे." "आज कसला?" "आहे तिचा, कडक आहे." विषय संपला. आमच्या घरच्या पूजेला आता त्या वरीच्या तांदळाचा शिरा करतात, सव्वा पटीचंच माप, केळं घालून, आणि सगळ्यांना तोच वाटतात, म्हणजे माझ्या एकटीचा वेगळा द्रोण नसतो. गणपतीत उकडीचे मोदक तर तांदळाचेच, ते दहा दिवस मला कुणालाच काही समजवावं लागत नाही.

बाहेरचं थोडक्यात सांगते. इडली बरी, पण सांबारात हिंग. डोशात काही ठिकाणी रवा किंवा मैदा घालतात. साबुदाणा वडा उपासाचा असला तरी हॉटेलात तेल समोशाचंच असतं. चायनीज पूर्ण बंद. ओट्सवर ग्लूटेन फ्री लिहिलं असेल तरच. औषधाच्या गोळीतही कधी गव्हाचा स्टार्च असतो, केमिस्टला विचारून घेते. खपली गहू चालतो असं मला किमान दहा जणांनी सांगितलंय, चालत नाही, तोही गहूच आहे.

डॉक्टरांनी जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची टेस्ट करायला सांगितली होती, आईवडील, भावंडं, मुलं, कारण त्यांच्यात साधारण दहात एकाला निघतो. आई निगेटिव्ह, मुलगी निगेटिव्ह, पण मुलीची परत परत करावी लागणार कारण आज नाही म्हणजे कधीच नाही असं नसतं. धाकटा भाऊ पॉझिटिव्ह. त्याला एकही तक्रार नव्हती, जिमला जातो, सहा पोळ्या खातो, त्याने दोन महिने फोन उचलला नाही माझा. मी जुना रिपोर्ट, नवा रिपोर्ट, दोन्हीचे फोटो पाठवत राहिले. दुर्बिणीत त्याचंही मार्श ३ निघालं. हाडांची तपासणी केली तर घनता कमी, ३१ व्या वर्षी. मग ऐकलं.

माझी टीटीजी दीड वर्षांनी १६ आली, हिमोग्लोबिन १२.३, गोळीशिवाय. वजन ५०. ज्यांचं हिमोग्लोबिन असं वर्षानुवर्षं चढत नाहीये, त्यांनी प्लीज ही रक्ताची टेस्ट करून घ्या, गहू सोडायच्या आधी, खाताखाताच. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार सापडतो, आपल्याकडे त्याचं नावच घेतलं जात नाही, आणि माझी पाच वर्षं त्यातच गेली.

भाऊ या दिवाळीला पहिल्यांदाच पथ्यावर घरी येतोय. चकलीची भाजणी काल रात्री घरघंटीवर दळली, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, पोहे, धने, जिरे. अनारशाचं पीठ आंबून तयार आहे. शंकरपाळे यंदा कुणालाच नाहीत, हे सासूबाईंनी मला न विचारता ठरवलं. भावाचा सकाळी फोन आला होता, विचारत होता, "ताई, हिंग कुठलं आणलंयस, डबीचा फोटो पाठव."